वाईट बातमी वेळेत कळायला हवी असेल तर आधी स्वतःच्या अंगाकडे बघा

मी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्रॉडक्शन सांभाळते. नवीन सुपरवायझर झालेली मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो, लोकांकडून काम कसं करून घ्यायचं. त्यांना वाटतं मी बोलायच्या चार युक्त्या सांगेन. मी आधी उलटा प्रश्न विचारते, लाइन बंद पडली की तुझ्या अंगात पहिली हालचाल कुठे होते? बहुतेकांना सांगता येत नाही. पण त्यांच्याच ऑपरेटरला विचारा, तो पटकन सांगतो, साहेब चिडायला लागले की मान चोळतात, बेन टेन्शनमध्ये असल्या की पेनचं बटण टकटक करत राहतात. टीमला सगळं माहीत असतं, फक्त ज्याचं अंग आहे त्यालाच पत्ता नसतो.

याचा लीडरशिपशी काय संबंध, तर माझ्या मते सगळ्यात मोठा संबंध हाच आहे की वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते. रिजेक्शनचा, म्हणजे मापात न बसलेला, पहिला पीस सकाळी १० ला हातात आला तर सेटिंग दुरुस्त करून दिवस वाचतो, तोच पीस ४ वाजता आला तर अख्खा लॉट गेलेला असतो. आणि तो पीस घेऊन येणारा माणूस केबिनच्या काचेतून आधी तुमचे खांदे बघतो, तुमचा चेहरा बघतो आणि मग ठरवतो की आत्ता जायचं का जेवणानंतर. "माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे" असं कितीही वेळा सांगा, जबडा आवळलेला असेल तर तो माणूस परत फिरतो. म्हणून खाली जे सगळं लिहितेय त्याला एकच कसोटी लावा, यामुळे माझ्याकडे वाईट बातमी लवकर येईल का.

सुरुवात स्वतःच्या खुणा शोधण्यापासून करायची. ताण आला की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, हृदय जोरात चालतं, श्वास वर छातीत येतो, स्नायू ताठ होतात, आणि शरीराला समोर वाघ आहे का कस्टमरचा फोन आहे हा फरक फारसा करता येत नाही. पण प्रत्येकाचं हे पहिल्यांदा दिसतं वेगवेगळ्या ठिकाणी. कुणाची दातखीळ बसते, कुणाचे खांदे कानाकडे सरकतात, कुणी श्वास रोखून धरतं (मेल वाचताना श्वास रोखणारे तर इतके आहेत की विचारू नका), कुणाचा पाय हलत राहतो, कुणाचं पोट आवळतं, कुणाचा आवाज एक पट्टी वर जातो. तुमचं कुठलं ते तुम्हालाच शोधायला लागेल. एक आठवडा असं करा की दिवसातल्या ठराविक वेळा पकडा, म्हणजे पंचिंग झाल्यावर, जेवायला बसताना, निघताना, आणि त्या क्षणी फक्त बघा की दात एकमेकांवर दाबलेत का, जीभ टाळ्याला चिकटून घट्ट आहे का, श्वास पोटात जातोय का वरच अडकलाय, तळपाय जमिनीला टेकलेत का. काही सुधारायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत एक शब्द लिहायचा. आठवड्याने वही चाळली की एखाद-दुसरी जागा परत परत आलेली दिसते, ती तुमची खूण.

ज्यांना असं आतलं काही जाणवतच नाही त्यांनी घरी विचारावं. नवऱ्याला, बायकोला, आईला, शेजारच्या काकूंना सगळं माहीत असतं. किंवा ऑनलाइन मीटिंग रेकॉर्ड झालेली असेल तर आवाज बंद करून स्वतःला ५ मिनिटं बघा, बघायला अवघड जातं पण भरपूर कळतं. फ्रेडरिक मॅथियस अलेक्झांडर नावाचा एक ऑस्ट्रेलियन नट होता, १८६९ साली जन्मलेला, त्याचा स्टेजवर आवाज बसायचा आणि डॉक्टरांना कारण सापडेना, तेव्हा तो आरशासमोर उभा राहून बोलायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की तोंड उघडायच्या आधीच आपण डोकं मागे ओढतो आणि गळा दाबतो. त्यातून त्याने पुढे शिकवायची एक अख्खी पद्धत उभी केली. मला त्यातला एक भाग फार पटतो, तो म्हणजे सवय बदलायची असेल तर ती सुरू होते तो क्षण पकडायचा, झाल्यावर पश्चात्ताप करून काही हाताला लागत नाही.

श्वास

हे सगळ्यात स्वस्त साधन आणि बडोद्याच्या माणसाला तर ते परकं वाटायचं काही कारणच नाही. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, १८८३ साली आपल्या डभोईत जन्मले, १९०७ ते १९१० इथल्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, नंतर नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२०-२१ च्या सुमाराला बडोद्याच्याच हॉस्पिटलमध्ये उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं ते उपकरणं लावून तपासलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, पण तपासून बघायची सुरुवात इथली. त्यामुळे श्वासाचं म्हटलं की कुणीतरी "हे बाबालोकांचं काम" म्हणतं ना, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

करायचं काय तर सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा. नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, असे पाच-सहा श्वास, साधारण एक मिनिट. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत होतं, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीराला जरा शांत व्हायचा सिग्नल मिळतो. डोळे मिटायची गरज नाही, कुणाला कळतही नाही. जोरजोराने खोल श्वास घेऊ नका, त्याने उलट गरगरतं.

खरी गोष्ट आहे कधी करायचं त्याची. संकट आल्यावर आठवण येत नाही, कुणालाच येत नाही, म्हणून तो श्वास एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून टाका. फोन वाजला की उचलायच्या आधी एक लांब उच्छ्वास. केबिनच्या दाराच्या हँडलला हात लावला की एक. प्लँटहेडचा मेल उघडायच्या आधी एक. महिनाभर साध्या फोनला केलंत की मग ज्या दिवशी कस्टमर लाइन बंद पडल्याचा फोन करेल त्या दिवशी ते आपोआप होतं, आणि ऑपरेटर समोर उभा असेल तर त्याला दिसतं की बेनने आधी श्वास सोडला आणि मग विचारलं की किती पीस गेलेत.

उभं राहणं

पाय. इथे मला जरा थांबून बोलायचंय कारण इंटरनेटवर या विषयात बराच चुकीचा माल फिरतो. कंबरेवर हात ठेवून छाती काढून दोन मिनिटं उभे राहा म्हणजे हार्मोन बदलतात आणि माणूस ताकदवान होतो, असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेलच. तो अभ्यास २०१० चा, त्यात ४२ लोक होते. २०१५ साली दुसऱ्यांनी २०० लोकांवर करून बघितलं तर हार्मोनमध्ये तसा काही बदल सापडला नाही, लोकांना स्वतःला जरा बरं वाटलं एवढंच. मूळ अभ्यासातल्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. माझ्या मते असं सांगायला मोठं मन लागतं, आणि शास्त्रात लीडरशिप म्हणतात ती हीच.

तर मग उभं कसं राहायचं? दांडिया बाजारात माणिकरावांचा आखाडा बघितला असेल तर उत्तर तिथे आहे. लाठी शिकवताना काठी फिरवायच्या आधी पैतरा शिकवतात, पाय खांद्याएवढे लांब, गुडघे मोकळे, वजन दोन्ही पायांवर, कारण एका पायावर वजन असलेल्या माणसाला सरकायला आधी वजन बदलायला लागतं आणि तेवढ्यात काठी बसते. मल्लखांबावर तर अंग ताठ केलेला मुलगा लगेच घसरतो. ताकद दाखवायला कोणीच सांगत नाही, कुठल्याही बाजूला हलता येईल असं उभं राहायला सांगतात. फ्लोअरवर हेच करा. टाच आणि चवडा दोन्ही टेकलेले, गुडघे लॉक केलेले नाहीत, हात मोकळे. गुडघे ताठ लॉक करून उभा राहिलेला सुपरवायझर दोन मिनिटांत एका पायावर कलतो, मग मशीनला टेकतो, मग हाताची घडी घालतो, आणि बोलणाऱ्याला वाटतं याला निघायची घाई आहे.

आणि हे सगळं ज्याला उभं राहता येतं त्याच्यासाठी झालं. ज्यांना पाठीचा त्रास आहे, जे व्हीलचेअरवर काम करतात, ज्यांना गुडघे दुखतात म्हणून बसूनच टीम चालवायची आहे, त्यांच्यासाठी मुद्दा तोच, की शरीराचं वजन कशावर तरी नीट टेकलेलं असू दे, खुर्चीच्या पाठीवर, हातावर, तळपायावर, म्हणजे मानेला आणि जबड्याला फुकटचं काम लागत नाही. रुबाबदार दिसण्याशी याचा काही संबंध नाही, आणि कुणाच्या पाठीच्या पोकावरून त्याची लायकी ठरवणारे साहेब बघितले की मला मनापासून राग येतो.

वाईट बातमी घ्यायची कशी

चूक घेऊन आलेला माणूस बसलेला असेल आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे असाल तर तो अर्धंच सांगतो. म्हणून एक तर तुम्हीही बसा, नाहीतर त्याला उठवून दोघं मशीनशेजारी उभे राहा. समोरासमोर उभं राहण्यापेक्षा शेजारी उभं राहून दोघांनी मिळून पीसकडे बघणं मला फार उपयोगी वाटतं, कारण मग नजर पीसवर असते, माणसावर नसते, आणि बोलणं पण आपोआप पीसबद्दल होतं. पीस हातात घ्या. खरंच घ्या, बोटाने चाचपून बघा, वर्निअर (माप घ्यायचं साधन) लावा, कारण हाताला काम असलं की तोंड थोडं थांबतं आणि तुम्ही किती गंभीरपणे घेताय तेही समोरच्याला दिसतं.

फोन उपडा नाही, खिशात. स्क्रीनकडे जाणारी एक नजर पण लोक मोजतात.

पहिले १० सेकंद चेहऱ्याचे असतात. भुवया आत ओढल्या जातात ना, त्या नुसतं लक्ष देतानाही ओढल्या जातात आणि समोरच्याला तो राग वाटतो. माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, मांजलपूरच्या, त्यांनी यावर सोपा तोडगा काढलाय, त्या सरळ सांगतात की मी नीट ऐकताना माझा चेहरा असाच होतो हां, चिडले नाहीये. एवढं एक वाक्य पुरतं. चेहरा बदलायची नाटकं करण्यापेक्षा हे खूप बरं.

आणि आपल्याकडे बरीच टीम गुजराती, काही हिंदीभाषक, काही आपले मराठी, तर भाषा बदलली की अंगही बदलतं हे बघा. मराठी पोराला "अरे काय केलंस हे" म्हणताना आपण हात त्याच्या खांद्यावर टाकतो, गुजराती ऑपरेटरशी "भाई" म्हणून जरा लांबून बोलतो, आणि बाकीच्यांना वाटतं मराठी मुलाला जवळ घेतात. एवढ्याशा अंतरावरून गट पडतात. सगळ्यांशी सारख्या अंतरावरून बोलायची सवय लावा, आणि खांद्यावर हात वगैरे शक्यतो कुणाच्याच नको, बायकांच्या बाबतीत तर अजिबात नको.

आवाजाबद्दल थोडं. एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, हुकूम दोन तुकड्यांत येतो, "दाहिने", मग थांबा, मग "मुड". त्या थांब्यात सगळी रांग तयार होते. टीमला सूचना देताना तसंच, आधी कुणासाठी आणि कशाबद्दल ते सांगा, एक श्वास थांबा, मग काय करायचं ते सांगा. घाईत आपण सगळं एका दमात ओततो, दम संपत आला की आवाज चढतो, आणि चढलेला आवाज हा रागच समजला जातो. कंप्रेसरच्या आवाजात ओरडायलाच लागतं हे मान्य, पण मग महत्त्वाचं बोलणं तिथे करूच नका, माणसाला बाजूला घ्या.

पोटात काहीतरी वाटतंय तेव्हा

कधी कधी सगळे आकडे बरोबर असतात तरी पोटात गोळा येतो. त्याचं काय करायचं? १९९७ मध्ये अँटोनियो दामासिओ आणि त्यांच्या आयोवातल्या सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या एका खेळाचा प्रयोग छापला, चार गड्ड्या, त्यातल्या दोन नुकसानीच्या, आणि खेळणाऱ्यांच्या तळहाताला नुकसानीच्या गड्डीकडे हात जायच्या आधीच बारीक घाम यायला लागला, कुठली गड्डी वाईट हे त्यांना नीट सांगता येण्याच्या आधी. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्यांना तो घाम येत नव्हता आणि ते नुकसानीच्याच गड्ड्या उचलत राहिले. नंतर यावर वाद पण झाला, खेळणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच आधी कळलेलं असतं असं दुसऱ्यांनी दाखवलं. म्हणून मी असं करते की पोटातला गोळा हा निर्णय मानत नाही, प्रश्न मानते. "डिस्पॅच करू या पण मला काहीतरी खटकतंय, अजून एकदा शेवटचे पाच बॉक्स उघडा" असं म्हणायला काही खर्च येत नाही. आणि साहेब असं म्हणताना दिसले की ऑपरेटरलाही "मला पण मशीनचा आवाज वेगळा वाटतोय" असं म्हणायचं धाडस होतं, ज्याला अजून पुरावा नाही अशी बातमी सगळ्यात लवकरची बातमी असते.

अर्थात गोळा भुकेचाही असतो. त्यामुळे आधी हे विचारायचं की मी जेवले का, झोपले का, पाणी प्याले का.

झोप, चहा आणि मे महिना

ऑस्ट्रेलियात १९९७ साली मोजलं गेलंय की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि आपल्या देशात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी ६ ला उठलात तर रात्री ११ ला १७ तास झाले. त्या वेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाला झापायला बसू नका, लिहा हवं तर, पण पाठवा सकाळी. नवरात्रात तर मी सरळ नियम ठेवते की त्या नऊ दिवसांत कुणाच्या कामाबद्दल मोठा निर्णय घ्यायचा नाही, कारण निम्मी टीम गरबा खेळून आलेली असते आणि आपणही. चहाचं पण लक्षात घ्या, कॅफिन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ च्या कडक चहातलं निम्मं ११ ला अंगातच असतं.

सयाजीराव महाराजांचं नाव आपण बडोदेकर शाळा, लायब्ररी, १९०६ चं सक्तीचं शिक्षण यासाठी घेतो, पण त्यांना तरुण वयातच कामाच्या ताणाने झोप येईनाशी झाली आणि तब्येत इतकी बिघडली की डॉक्टरांच्या सल्ल्याने ते १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी ते दडपलं नाही, त्यावर उपचार घेतले, आणि राज्य १९३९ पर्यंत केलं. आजचे मॅनेजर "मला चार तास झोप पुरते" हे अभिमानाने सांगतात आणि त्यांची टीम सकाळच्या मीटिंगमध्ये गप्प बसते. प्रौढ माणसाला निदान ७ तास झोप लागते.

मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या वर जातो, शेडखाली अजून वाईट. दुपारी २ ते ४ मध्ये चिडचिड वाढते ती स्वभावाने नाही, घामाने आणि पाणी कमी पडल्याने. कुणाला बोलावून समज द्यायची असेल तर सकाळी द्या. आणि वादाची मीटिंग ६ ला ठेवायची असेल तर आधी सगळ्यांना काहीतरी खायला घाला, शेव उसळ मागवा, पोट भरलेली माणसं एकमेकांचं ऐकतात.

एक गोष्ट करू नका, दुसऱ्यांची बॉडी लँग्वेज वाचत बसू नका. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर चुकवली म्हणजे खोटं, हे सगळं थोतांड आहे, एसीखाली बसलेल्याला थंडी वाजत असते आणि लाजाळू माणूस खरं बोलतानाही खाली बघतो. संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि हावभाव, हा आकडा पण ट्रेनिंगमध्ये सर्रास सांगतात. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतला आहे आणि शब्द एक सांगतायत आणि चेहरा भलतंच, अशा वेळी भावना कशी ओळखली जाते एवढ्यापुरताच आहे. डायमेन्शन किती बाहेर गेलंय हे कुणी हावभावातून सांगू शकत नाही. ही सगळी मेहनत स्वतःच्या अंगावर करायची, समोरच्याला मात्र तोंडाने विचारायचं.

छातीत दुखणं, धडधड थांबत नाही, आठवडे झोप नाही असं काही असेल तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता शेवटचं, आणि माझ्या मते हे केल्याशिवाय वरचं टिकत नाही. टीममधला एक माणूस निवडा, वयाने मोठा असेल तर उत्तम, ज्याला तुमची भीती वाटत नाही, आणि त्याच्याशी एक खूण ठरवा. आमच्याकडे पाण्याची बाटली आहे. मीटिंगमध्ये माझा आवाज चढायला लागला की आमचे स्टोअरचे काका काही न बोलता पाण्याची बाटली माझ्यासमोर सरकवतात. ती उचलायची, झाकण उघडायचं, दोन घोट प्यायचे, तेवढ्यात लांब श्वास होतोच. अट एकच, बाटली आली की "मी चिडले नाहीये" असं म्हणायचं नाही, वाद घालायचा नाही, मीटिंगनंतर पण नाही. एकदा वाद घातलात की ती बाटली परत कधी येणार नाही, आणि तिच्या मागोमाग रिजेक्शनचा पहिला पीस पण यायचा बंद होईल.